एका वायरीवर दोन घरं

७ नोव्हेंबर, गुरुवार

ताई,

दुरूनच पाया पडतो. तुझे गुडघे, तुझ्या कुंड्या आणि तुझी ती शेजारीण, तिघांचीही प्रकृती बरी असेल असं धरून चालतो. फोन केला असता, पण तुला ऐकू येत नाही, मी आवाज चढवला की तुला वाटतं मी भांडतोय, आणि मग आपण खरंच भांडतो. म्हणून लिहितो आहे. मी बरा आहे. सकाळचं फिरणं चालू आहे, एक दात कमी झाला आहे, बाकी सगळं जागेवर.

आता बसून घे, मगच पुढे वाच.

दादा पडला. सोमवारी संध्याकाळी, गच्चीवर. उजवा खुबा मोडला आणि डोक्याला मार लागला. खुब्याची शस्त्रक्रिया काल झाली, ती नीट पार पडली म्हणतात. काळजी डोक्याची आहे. डोळे उघडतो, आपल्याकडे बघतो आणि परत मिटतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून तीन-चार दिवस खात्रीने काही बोलता येणार नाही. घाबरू नकोस. म्हणजे घाबर, पण येऊ नकोस. तुला आमचा जिना चढवायला आणखी दोन माणसं लागतील आणि सध्या एकही मोकळं नाही.

कसा पडला ते सांगतो. आमच्या इमारतीवर सगळ्यांची मिळून एक डिश आहे, हे मागे तुला लिहिलं होतं. दरमहा वर्गणी न भरता टीव्ही दिसावा म्हणून पाच वर्षांपूर्वी बसवली. चॅनलं फुकट, प्रत्येकाने फक्त आपापला बॉक्स आणायचा. डिश आहे पाण्याच्या टाकीवर, आणि टाकीला लोखंडी शिडी. सोमवारी वारा फार होता. वाऱ्याने डिश हलली असणार. दादाचा टीव्ही दिसेना, तो बघायला वर चढला आणि शिडीवरून हात सुटला. अडुसष्टाव्या वर्षी शिड्या चढायला कुणी सांगितलं होतं! पण त्याला कोण बोलणार? वारा तर असा होता की माझे दोन सदरे शेजारच्या इमारतीत जाऊन पडले.

पंपवाला टाकीतलं पाणी बघायला गेला तेव्हा त्याला दादा दिसला. त्याने हाक मारली आणि मी धावलो. माझं दार गच्चीच्या जिन्याला लागूनच आहे. माझ्या पलंगाची फळी काढून तिच्यावरून त्याला खाली आणलं. चष्म्याचा चक्काचूर झाला होता, त्याच्या काचा मी वेचल्या. ज्याच्याशी तीन वर्षं बोललो नाही त्याचा हात धरून ॲम्ब्युलन्समध्ये बसलो. हात गार होता. तो किती वेळ तिथे पडून होता ते कुणालाच सांगता येत नाही.

इमारतीत सगळे म्हणतात, शेवटी भाऊ तो भाऊ. सेक्रेटरीने जिन्यात चारचौघांसमोर माझी पाठ थोपटली. मला ते बरं वाटलं नाही. का, ते आत्ता लिहीत बसत नाही.

वहिनींचं विचारशील. त्यांची उजवी बाजू दोन वर्षांपूर्वी गेली ती गेलीच, बोलणंही एकेका शब्दाचं. दिवसा एक मदतनीस बाई असतात, त्या पाचला जातात. पाचनंतर मी खाली त्यांच्या घरी जाऊन बसतो. दुसरं कोण आहे त्यांना? मूलबाळ नाही, आणि तू अशी लांब.

वाऱ्याचा जोर आता ओसरला आहे. उत्तर लिही, पण फार प्रश्न विचारू नकोस. हॉस्पिटलच्या खेपांनी जीव मेटाकुटीला आला आहे.

तुझा
धाकटा


१९ नोव्हेंबर, मंगळवार

ताई,

पुन्हा पाया पडतो, या वेळी जरा जास्त वाकून.

चांगली बातमी आधी. दादा पूर्ण शुद्धीवर आला. बोलतो, खातो, नर्सबाईंना शिस्त लावतो. चादरीच्या घड्या कशा घालायच्या ते त्याने काल एकीला शिकवलं, म्हणजे तो बरा होतोय यात शंका नाही. येत्या सोमवारी घरी सोडतील. चष्म्याचं मात्र लांबलं आहे. डोक्याला मार लागल्यामुळे नंबर आत्ता काढायचा नाही, महिना जाऊ द्या म्हणाले. तोवर त्याला माणसं दिसतात, अक्षरं दिसत नाहीत. वर्तमानपत्र उलटं दिलं तरी तो तितक्याच गंभीरपणे बघेल.

तुझं पत्र मिळालं. दोनच ओळी लिहिल्यास. "तुझ्या पत्रात वारा चार वेळा आला. लहानपणी काही फोडलंस की तू हवापाण्याबद्दल बोलायचास. काय फोडलंस?"

ताई, तू शिक्षिका व्हायला नको होतीस, फौजदार व्हायला हवी होतीस.

सांगतो. पण पहिल्यापासून सांगू दे, नाहीतर मी मधेच कुठेतरी पळ काढीन.

डिशवरून जे येतं ते आधी एका पेटीत येतं. ती पेटी माझ्या दाराबाहेर भिंतीवर आहे. पेटीला भोकं आठ, म्हणजे आठ वायरी, आणि इमारतीत घरं नऊ. कमिटीच्या सभेत सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. तेव्हा दादा उठून म्हणाला, "आम्ही दोघं भाऊ एका वायरीवर राहू. धाकटा जोडून देईल." त्या वेळी आमचं रोज संध्याकाळचा चहा एकत्र घेण्याइतकं होतं. मी चाळीस वर्षं टेलिफोनच्या वायरी जोडल्या, मला काय अवघड? एका वायरीची दोन केली, एक माझ्याकडे, एक खाली त्याच्याकडे.

यात एक गोम आहे. चॅनलं दोन गटांत येतात. बॉक्स वायरीतून वर निरोप धाडतो, मला हा गट दे, मला तो दे. एक वायर एका वेळी एकच गट आणते. एका वायरीवर दोन घरं बसली की ज्याचा निरोप जोराचा त्याचं ऐकलं जातं. दादा जो गट बघतो त्याचा निरोप जोराचा असतो. लहानपणापासून घरात ज्याचं ऐकलं जायचं त्याचंच डिशसुद्धा ऐकते, यावर आम्ही दोघं तेव्हा पोट धरून हसलो होतो.

मग ती सभा झाली, तीन वर्षांपूर्वीची. दारावरच्या घंट्या मी दुरुस्त केल्या होत्या आणि त्यातल्या दोन परत बंद पडल्या. कुणीतरी तक्रार केली. दादा अध्यक्षाच्या खुर्चीत होता. तो हसत हसत म्हणाला, "आमचा धाकटा जोडतो कमी, तोडतो जास्त." सगळे हसले. ताई, चाळीस वर्षांच्या नोकरीत माझी एक जोडणी कुणी परत उघडली नव्हती. मी उठून घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी चहाला गेलो नाही. त्याने बोलावलं नाही. मीही आडमुठा, तोही आडमुठा. वर्षभरात वहिनी आजारी पडल्या. मी तरीही खाली गेलो नाही. हे तुला कधी लिहिलं नव्हतं. तू दर वेळी "वहिनींना भेटतोस ना" विचारायचीस आणि मी "त्या तशाच आहेत" असं लिहायचो. पंपवाल्याकडून ऐकलेलं असायचं ते.

गेल्या वर्षापासून रोज सहा वाजले की माझी अर्धी चॅनलं जायची. सहाच्या बातम्या आणि त्यानंतरची तावातावाची चर्चा, एवढाच माझा कार्यक्रम. चार माणसं ओरडत असली की घर रिकामं वाटत नाही. ती माणसं बरोबर सहाला गप्प व्हायची आणि पडद्यावर "सिग्नल नाही" यायचं. वर्षभर सोसलं. मग बाजारातून एक छोटा स्विच आणला, काड्यापेटीएवढा. त्यावर एक नंबर आणि दोन नंबर असं लिहिलेलं असतं. एक नंबरचा बॉक्स चालू असेपर्यंत दोन नंबरला काहीच मिळत नाही. एक नंबरवर मी मला लावलं.

तेवीस ऑक्टोबरला लावला. मनात होतं, सहा ते सात एवढंच. पण ताई, हातात किल्ली आली की माणूस कुलूप लावतोच. मी फिरायला जाताना बॉक्स चालू ठेवून जायला लागलो. झोपतानाही.

दादाने डिशवाल्याला बोलावलं. एक तारखेला सकाळी तो पिशवी घेऊन जिना चढताना मला दिसला. मी आत गेलो आणि माझा बॉक्स बंद केला. तो वर जाऊन आला, खाली दादाचा टीव्ही लावून बघितला, सगळं लख्ख. "काही बिघाड नाही," म्हणून निघून गेला. मी परत बॉक्स चालू केला.

आता तुला कळलं असेल काय फोडलं.

वारा नव्हता. म्हणजे होता, पण डिश त्याच्या बापाने हलली नसती. मीच बोल्ट आवळले आहेत.

पाच तारखेला, दादा पडल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी पहिल्यांदा वहिनींजवळ बसलो. दोन वर्षांनी त्यांचं तोंड बघत होतो. केस पूर्ण पांढरे झालेत आणि हात माझ्या मनगटाच्या निम्मा. सहा वाजले तसा त्यांनी डावा हात टीव्हीकडे केला. मी लावला. "सिग्नल नाही." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. वर माझा बॉक्स चालूच होता. या धावपळीत तो बंद करायचं कुणाला सुचणार? डोक्यावरून, छतातून, माझ्याच टीव्हीतल्या लोकांची भांडणं स्वच्छ ऐकू येत होती. "जरा आलो," म्हणालो, वर गेलो, बॉक्स बंद केला आणि खाली आलो. टीव्ही लागला होता.

त्या काय बघतात माहीत आहे? आगगाडी. इंजिनाच्या पुढे कॅमेरा बसवलेला, समोर रूळ येत राहतात, बोगदा येतो, पूल येतो, स्टेशन येतं आणि मागे जातं. कुणी बोलत नाही. तासभर नुसती गाडी चालते. पलंगावरून हलता न येणारी बाई रोज सहा ते सात गावाला जाऊन येते, आणि मी बारा दिवस तिची गाडी अडवून ठेवली होती. आणि का, तर चार अनोळखी माणसं माझ्या घरात ओरडावीत म्हणून.

त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं आणि मान परत रुळांकडे वळवली. मला वाटतं त्यांना कळलं.

दादा शुद्धीवर आल्यावर माझ्याशी पहिलं वाक्य काय बोलला असेल? तीन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. "डिश ठीक आहे ना?" मी म्हणालो, "वाऱ्याने हलली होती. मी नीट केली." तो म्हणाला, "वाटलंच मला." आणि माझ्या हातावर थोपटलं. त्या वेळी खरं सांगायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात नर्सबाई सुई घेऊन आली. तू म्हणशील निमित्त. हो, निमित्तच.

आता कमिटीने डिशवाल्याला काढलंय. त्याने नीट तपासलं नाही म्हणून माणूस मरता मरता वाचला, असं सेक्रेटरीने फळ्यावर लिहून लावलं. काल तो माझ्याकडे आला. दारातच उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना. म्हणाला, "काका, मी वरून खालपर्यंत सगळं बघितलं होतं. फक्त तुमच्या दाराबाहेरची पेटी उघडली नाही. ते तुमच्या हातचं काम, तिथे काय बघायचं, म्हणून."

तो गेल्यावर मी पेटी उघडली आणि तो स्विच काढून टाकला. दहा मिनिटं लागली. एरवी दोन लागली असती.

तू विचारलंस ते सांगितलं. अजून एक गोष्ट उरली आहे, पण ती आधी दादाला सांगायला हवी. त्याच्या आधी तुला सांगितली तर मी तुझ्याकडूनच माफी घेऊन मोकळा होईन, आणि तू ती देशील. म्हणून नको.

तुझा,
काच फोडणारा


२४ नोव्हेंबर, रविवार

दादा,

नमस्कार करतो. तू आयुष्यभर सांगत आलास, "मोठ्यांच्या पाया पडावं," आणि मी आयुष्यभर टाळत आलो. उद्या तुला घरी आणायचं आहे. खालच्या खोलीतला गालिचा गुंडाळून ठेवलाय, तुझी काठी अडकायला नको. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडी बसवली आहे. दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलं, हलत नाही. वहिनी मजेत आहेत. मदतनीस बाईंनी काल त्यांचे केस धुतले.

आता मुद्द्यावर येतो. डिश हलली नव्हती.

या पाकिटात धातूची एक लहान डबी आहे. ती मी आपल्या वायरीवर लावली होती. माझा टीव्ही चालू असला की तुझा बंद पडावा म्हणून. बारा दिवस. डिशवाला आला तेव्हा मी माझा बॉक्स बंद करून घरात बसलो, म्हणून त्याला काही सापडलं नाही. त्याची चूक नव्हती. काल कमिटीसमोर उभा राहून हे सांगितलं. सेक्रेटरीचा चेहरा बघायला तू हवा होतास. ज्या हाताने माझी पाठ थोपटली तो हात तो खिशात घालून बसला. फळ्यावरचा कागद काढला. डिशवाल्याच्या घरी जाऊन त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "काका, जाऊ द्या." त्याच्या बायकोने मात्र चहा विचारला नाही. बरोबर केलं तिने.

एवढं आता सगळ्यांना माहीत आहे. पुढचं कुणालाच माहीत नाही, ताईलासुद्धा नाही.

त्या सोमवारी सहाला पाच मिनिटं कमी असताना मी दाराच्या भिंगातून तुला पाहिलं. तू पकड आणि बॅटरी घेऊन गच्चीचा जिना चढत होतास. कठड्याला धरून, एकेक पायरी. मध्ये थांबून दम घेतलास, माझ्या दारासमोर. आपल्यात हातभर अंतर होतं आणि मध्ये एक दार. मला दार उघडून म्हणता आलं असतं, "दादा, खाली जा, दिसेल आता." मी हसलो. "शोध," म्हटलं मनात, "शोध, जन्मभर शोध." आणि बातम्या लावल्या.

सहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या डोक्यावर धप्प आवाज झाला. टाकी माझ्या खोलीच्या बरोबर वर आहे. छताची भुकटी चहात पडली. मला वाटलं तू रागाने काहीतरी आपटलंस. मग थोडा वेळ काहीतरी घासल्यासारखं ऐकू आलं. कुणीतरी हळूहळू काही ओढतंय तसं. मी काय केलं सांगू? मी आवाज वाढवला. टीव्हीचा. ती माणसं पेटून भांडत होती, कशावरून ते आता शपथेवरही सांगता येणार नाही. सातला दहा मिनिटं असताना पंपवाल्याची हाक आली.

चाळीस मिनिटं, दादा. ते घासणं म्हणजे तू दाराकडे सरकत होतास. फरशीवर दीड हात रक्ताचा माग होता. पंपवाल्याने पाणी ओतून धुतला, त्याच्या आधी मी बघितला होता.

सगळ्यांना मी सांगितलं की किती वेळ पडून होता ते कळत नाही. मला मिनिटानिशी कळत होतं. बातम्यांच्या कोपऱ्यात घड्याळ असतं.

हे सांगायचं की नाही यावर मी बरेच दिवस स्वतःशी घासाघीस केली. डबीचं सांगू, आवाजाचं राहू दे. म्हातारा माणूस, आजारातून उठतोय, त्याला कशाला अजून त्रास? किती छान निमित्त होतं बघ, आणि त्यात तुझीच काळजी. कदाचित मी गिळूनही टाकलं असतं. पण गुरुवारी वहिनी बोलल्या.

गाडी सुरू होती. एक लांबलचक बोगदा संपला आणि समोर उजेड आला. मी मान खाली घालूनच म्हटलं, "वहिनी, टीव्ही मीच बंद पाडत होतो." त्या म्हणाल्या, "माहीत... होतं." मी विचारलं, "कसं?" त्यांनी डावं बोट वर केलं, छताकडे. "वर... आवाज... लागला... की... इथे... जातो." तू दिवसभर औषधं आणायला, बिलं भरायला बाहेर. त्या पडून वरचं ऐकत असणार. मला चाळीस वर्षांच्या अनुभवाचा गर्व, आणि या बाईने पलंगावर पडल्या पडल्या बिघाड शोधून काढला होता.

मी विचारलं, "दादाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं."

"मग?"

ते पुढचं वाक्य पुरं व्हायला दोन स्टेशनं गेली. मी ते त्यांच्या तोंडून एकेक शब्द वेचून घेतलं आहे, त्यात माझं काही नाही. तू त्यांना म्हणालास, "धाकटा माझ्याशी वाकडा वागेल, पण वायरीशी खोटं वागणार नाही. डिशच हलते आहे. थांब, तुला दाखवतो."

म्हणून तू चढलास. टीव्हीसाठी नव्हे. मी तसा नाही, हे वहिनींना दाखवायला तू त्या शिडीवर चढलास.

त्या दिवशी मी तिथून उठलो आणि तुझ्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. नळ सोडून ठेवला, वहिनींना ऐकू जाऊ नये म्हणून. आई गेली तेव्हासुद्धा मी इतका रडलो नव्हतो.

तीन वर्षं मी एक वाक्य छातीशी धरून बसलो, "जोडतो कमी, तोडतो जास्त." ते तू सभेत बोललास, हसण्यावारी. आणि घरात माझ्याबद्दल काय बोलायचास, ते माझ्यापर्यंत कधी आलंच नाही. येणार कसं? मी खाली उतरलोच नाही. आता तुझं ते सभेतलं वाक्य खरं झालं आणि घरातलं खोटं ठरलं. उलटं व्हायला हवं होतं.

वायर आता सगळी तुमची आहे. माझ्याकडे येणारी शाखा मी काढून टाकली आणि टोकाला टोपण बसवलं. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्या घरात शांतता आहे आणि ती मला मिळायलाच हवी होती. सहाला मी खालीच असतो. गाडी मलाही आवडायला लागली आहे. वहिनी पूल आला की डाव्या हाताने मला खुणावतात.

तू मला माफ कर असं लिहिणार नव्हतो, आणि लिहीत नाही. तू रागाव. बोलू नकोस. तीन वर्षं मी बोललो नाही, आता तुझी पाळी घे. फक्त मला वहिनींपाशी बसू दे. आणि तुला जिना उतरवायला दुसऱ्या कुणाला बोलवू नकोस.

हे सगळं तोंडाने सांगायची हिंमत नव्हती म्हणून लिहायला बसलो. चार दिवस लिहितो आहे, तीन कागद फाडले. ठरवलं होतं, उद्या तुला पलंगावर बसवायचं, पाकीट उशीशी ठेवायचं आणि वर निघून यायचं. तू वाचशील तेव्हा मी समोर नसेन.

आणि आत्ता, इथवर आल्यावर लक्षात आलं की तुला चष्मा नाही.

वहिनींना हे वाचून दाखवणं जमणार नाही. मदतनीस बाईंना मी सांगू शकत नाही. म्हणजे दादा, हे पत्र तुला मलाच वाचून दाखवावं लागणार आहे. तुझ्यासमोर बसून, पहिल्या ओळीपासून, ते घासण्याच्या आवाजासकट. उद्या पाचला, मदतनीस बाई गेल्या की, गाडी सुटायच्या आधी. वहिनीही ऐकतील. मी मध्ये थांबलो तर थांबू दे, परत सुरू करीन. खोकला आला म्हणून कागद खाली ठेवला तर समज, खोकला नाही.

शेवटी नावाची ओळ असते ती मोठ्याने वाचायची पद्धत नाही. पण मी वाचणार आहे. तू हो म्हणालास तर. नाहीतर तेवढी सोडून देईन.

तुझा भाऊ